अठराव्या महिन्याचा बूस्टर आणि वीस प्रश्न

आपल्याकडे लेकराच्या वाढीचं माप एकच धरलं जातं, ते म्हणजे बोलायला लागलं का नाही. मान धरली, बसलं, रांगलं, चाललं इथपर्यंत सगळं वेळेवर झालेलं असतं, म्हणून घर निश्चिंत असतं. मग दोन वर्षं होतात, अडीच होतात, तरी बोलत नाही. ‘बाप पण उशिराच बोलला होता’ असं म्हणत आणखी सहा महिने जातात. ऑटिझम (स्वमग्नता) असलेली बरीच मुलं तीन-साडेतीन वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा डॉक्टरांपुढे येतात, आणि तक्रार असते फक्त ‘बोलत नाही’.

खरं तर बोलणं ही उशिरा कळणारी गोष्ट आहे. त्याच्या कितीतरी आधी लेकरू नजरेनं, हसण्यानं, हातवाऱ्यांनी बोलत असतं, आणि ऑटिझममध्ये तेच कमी असतं किंवा येता येता थांबतं. हे बघायला मोठं यंत्र लागत नाही. लागतं कुणीतरी योग्य महिन्यात योग्य प्रश्न विचारणारं. ते माणूस आशाताई असू शकतं, अंगणवाडीताई असू शकतं, आजी असू शकते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. वर्षाच्या आतल्या बाळाला ‘ऑटिझम आहे’ असं कुणीही खात्रीनं सांगू शकत नाही. अनुभवी तज्ज्ञ दीड ते दोन वर्षांच्या सुमारास निदान बऱ्यापैकी भरवशानं करू शकतात. पण वर्षाच्या आत लक्ष ठेवता येतं, आणि शंका आली तर बाळाशी वागण्याची पद्धत बदलता येते. त्यासाठी निदानाची वाट बघायची गरज नसते.

दोन-तीन महिन्यांचं बाळ पाजताना आईच्या तोंडाकडं टक लावून बघतं, बोललं की हसतं. जोन्स आणि क्लिन या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या बाळांची नजर दुसऱ्या ते सहाव्या महिन्यादरम्यान माणसाच्या डोळ्यांवरून हळूहळू कमी होत गेली होती. म्हणजे सुरुवातीला नजर होती, नंतर ओसरली. म्हणूनच ‘आधी तर बघायचं’ हे आईचं वाक्य हलक्यात घेऊ नये. सहाव्या महिन्यापर्यंत खळखळून हसणं यायला हवं. नवव्या महिन्यापर्यंत देवाणघेवाण हवी: तुम्ही ‘आऽ’ केलं की तेही काहीतरी करतं, पदराआडून ‘भोऽक’ केलं की पुन्हा कर म्हणून वाट बघतं.

नऊ महिन्यांच्या पुढं नावानं हाक मारून बघायची. ही सोपी वाटणारी गोष्ट सगळ्यात जास्त चुकीच्या पद्धतीनं केली जाते. टीव्ही बंद करा. बाळ खेळण्यात फार गुंतलेलं नको, रडतही नको. मागच्या बाजूला तीन-चार फुटांवर थांबून नेहमीच्या आवाजात हाक मारा. टाळी वाजवायची नाही, चुटकी नाही, बिस्किटाच्या पुड्याचा आवाज नाही, हात लावायचा नाही. दोन-तीन सेकंद थांबा, मग पुन्हा. तीन हाकांत एकदाही मान वळली नाही तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी करून बघा. आणि हाक घरातल्या नावानं मारा. लसीच्या कार्डावर ‘आर्यन’ लिहिलेलं असतं आणि घरात सगळे ‘सोन्या’ म्हणतात. आरोग्य पथक ‘आर्यन, आर्यन’ करत बसतं आणि लेकरू ढिम्म. पत्र्याच्या घरात वर पाऊस किंवा शेजारी पंखा घरघरत असेल तर निकाल धरू नये.

वर्षाच्या आसपास हातवारे यायला हवेत. टाटा करणं, टाळ्या, ‘जय जय कर’ म्हटलं की हात जोडणं, उचलून घे म्हणून हात वर करणं. यातलं एकही नसेल तर बाराव्या महिन्यातच दाखवावं, बोलण्याची वाट बघू नये.

त्यानंतरची खूण म्हणजे बोट दाखवणं. सगळ्या यादीतली एकच गोष्ट निवडा म्हटलं तर मी हीच निवडेन. बोट दोन कारणांसाठी दाखवलं जातं. एक मागण्यासाठी: फळीवरचा डबा दाखवून ‘अंऽ अंऽ’. दुसरं दाखवण्यासाठी: रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, लेकरानं बोट केलं, आणि मग वळून तुमच्या तोंडाकडं बघितलं, की तुम्हीही बघितलं का. त्याला ट्रॅक्टर नको असतो, तुमच्याबरोबर बघायचं असतं. ऑटिझममध्ये हे दुसरं बोट फार उशिरा येतं किंवा येतच नाही. मागण्यासाठीसुद्धा पुष्कळदा बोटाऐवजी मोठ्या माणसाचं मनगट धरून डब्यापर्यंत नेलं जातं, तोंडाकडं न बघता. घरच्यांना ते हुशारीचं वाटतं. ‘पाहिजे ते बरोबर करून घेतंय’ म्हणतात. ते खरंही आहे, पण मनगट धरून नेणं बोट दाखवण्याची जागा घेत नाही.

उलट बाजूही तपासा. दारात उभं राहून लांबच्या वस्तूकडं बोट करा आणि ‘ते बघ, म्हैस!’ म्हणा. वर्ष-सव्वा वर्षाचं लेकरू बोटाच्या रोखानं बघतं. नुसत्या तुमच्या बोटाच्या टोकाकडं बघत राहिलं किंवा कुठंच बघितलं नाही, तर नोंद करा.

आता मूळ मुद्दा. आपल्या लसीकरणाच्या वेळापत्रकात १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान एक फेरी ठरलेली आहे: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा पहिला बूस्टर, पोलिओचा बूस्टर. ऑटिझमच्या स्क्रीनिंगसाठी, म्हणजे पहिल्या चाळणीसाठी, जगभर वापरली जाणारी एम-चॅट-आर ही प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी बनवलेली आहे. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना सगळ्याच मुलांचं स्क्रीनिंग करा म्हणते. म्हणजे ज्या दिवशी लेकरू उपकेंद्रावर किंवा अंगणवाडीत इंजेक्शनसाठी येणारच आहे, त्याच दिवशी हे प्रश्न विचारता येतात. वेगळी फेरी नाही, वेगळा खर्च नाही. विचारायचं मात्र इंजेक्शनच्या आधी, कारण रडणाऱ्या लेकराच्या आईचं लक्ष प्रश्नांत नसतं.

प्रश्न २० आहेत, उत्तर फक्त हो किंवा नाही. बोट दाखवणं, नावाला वळणं, दुसऱ्या लेकरांकडं बघणं, वस्तू आणून दाखवणं, नक्कल करणं, हसण्याला हसून उत्तर देणं, खोटं खोटं खेळणं, म्हणजे रिकाम्या कपातून चहा पिणं किंवा कानाला काहीतरी लावून फोन करणं, अशा गोष्टी त्यात येतात. बहुतेक प्रश्नांत ‘नाही’ आलं की एक गुण. पण दुसरा, पाचवा आणि बारावा प्रश्न उलटे आहेत: लेकराला ऐकू येत नसावं असं कधी वाटलं का, डोळ्यांजवळ बोटं विचित्र हलवतं का, रोजच्या आवाजांनी फार बिथरतं का. या तिन्हींत ‘हो’ला गुण मिळतो. घाईत सगळ्या ‘नाही’ मोजल्या तर ठणठणीत लेकराच्या नावावर विनाकारण तीन गुण चढतात, आणि ज्याला खरंच अडचण आहे त्याचे तीन गुण निसटतात. या तीन ओळींना कागदावर आधीच लाल पेनानं खूण करून ठेवावी.

बेरीज ० ते २ असेल तर तूर्त काळजी नाही. लेकरू दोन वर्षांच्या आतलं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर एकदा परत विचारायचं. ८ किंवा त्याहून जास्त असेल तर थेट पुढं पाठवायचं. मधलं, ३ ते ७, असेल तर दुसरा टप्पा करायचा: ज्या प्रश्नांत गुण पडले तेवढेच परत, उदाहरणं विचारत. त्यानंतरही दोन किंवा जास्त उरले तर पाठवायचं. हा दुसरा टप्पा आपल्याकडं सर्रास गाळला जातो. मग एक तर गरज नसलेली मुलं रांगेत उभी राहतात, नाहीतर ताई कंटाळून कुणालाच पाठवत नाहीत.

प्रश्न विचारण्यातच निम्मं काम आहे. ‘लेकरू बोट दाखवतं का?’ असं विचारलं की ‘हो की, दाखवतं’ असं उत्तर येतं. त्याऐवजी ‘कालपासून आतापर्यंत कशाकडं बोट केलं? मग काय केलं? तुमच्याकडं बघितलं का?’ असं विचारा. उदाहरण पटकन आठवलं तर हो. आठवलं नाही, किंवा ‘मागं एकदा केलं होतं’ असं आलं, तर नाही. एखाद-दुसऱ्या वेळचं उत्तर ‘नाही’ धरायचं, नेहमीचं ‘हो’. मोठ्या आवाजाचा प्रश्न विचारताना आपल्या घरातले आवाज घ्या: मिक्सर, कुकरची शिट्टी, पिठाची गिरणी, लग्नातला बँड. फटाक्याला घाबरणं यात धरायचं नाही, तिथं बहुतेक लेकरं घाबरतात. नकलेच्या प्रश्नाला ‘आजीसारखी भाकरी थापतं का, झाडू मारतं का’ असं विचारलं तर आई लगेच सांगते.

आणि विचारायचं आईला. सासूबाई शेजारी बसल्या की उत्तरं त्याच देतात आणि घरावर डाग नको म्हणून सगळी चांगली देतात. जमलं तर आईशी थोडं बाजूला बसून बोला. दिवसभर आई रानात आणि लेकरू आजीजवळ असेल तर मात्र आजीला विचारल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

कमी दिवसांचं जन्मलेलं बाळ असेल तर वय दुरुस्त करून घ्या. दोन महिने आधी जन्मलेलं १७ महिन्यांचं लेकरू या कागदापुरतं १५ महिन्यांचं आहे, त्याला अजून थांबा. भावाला किंवा बहिणीला ऑटिझम असेल तर धाकट्याकडं जन्मापासूनच लक्ष हवं. अशा धाकट्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला पुढे ऑटिझम निघतो. मुलींकडंही नीट बघा. मुलांमध्ये निदान सुमारे चौपट होतं, पण गप्प बसणारी मुलगी ‘गुणाची’ ठरते आणि सुटून जाते.

एका बाबतीत गुण मोजतच बसू नये: आलेलं गेलं तर. ‘मामा’, ‘पाणी’ म्हणायचं ते बंद झालं, टाटा करायचं ते थांबलं, हाकेला वळायचं ते वळेना. कुठल्याही वयात असं झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नावलीत अडकलं म्हणजे ऑटिझम आहे, असं नाही. दोन्ही टप्पे पार करून ‘धोका’ निघालेल्या मुलांपैकी अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, २०१४ साली, जवळपास निम्म्यांना ऑटिझम निघाला. पण ‘धोका’ निघालेल्या सगळ्यांतल्या ९५ टक्क्यांच्या आसपास मुलांना वाढीची काहीतरी अडचण होतीच. म्हणजे पाठवलेली फेरी सहसा वाया जात नाही. घरच्यांना सांगताना म्हणूनच आजाराचं नाव घेऊ नये. ‘या वयात ज्या चार गोष्टी यायला हव्यात त्या अजून आल्या नाहीत, तपासून घेऊ’ एवढं पुरे. आणि आईला दोष देणारं एक अक्षरही नको. आईनं लक्ष दिलं नाही, प्रेम कमी पडलं, म्हणून ऑटिझम होत नाही. मागच्या शतकात तसं मांडलं गेलं होतं, ते खोटं ठरून दशकं उलटली.

पाठवल्यावर पहिली तपासणी कानांची. भांडं पडलं की दचकतं, म्हणून ऐकू येतं, हा भरवसा धरू नका. काही आवाज ऐकू येणं आणि बोलण्याच्या पट्टीतलं सगळं ऐकू येणं वेगळं. ओएई ही चाचणी पटकन होते, पण कानाच्या आतल्या भागापर्यंतचंच सांगते. पुढची नस नीट काम करते का, ते बेरा चाचणीत कळतं. बेरासाठी लेकरू झोपलेलं लागतं, म्हणून दुपारच्या झोपेची वेळ गाठून जा, सकाळी लवकर उठवा आणि प्रवासात झोपू देऊ नका. नाहीतर तारीख वाया जाते. आपल्याकडं मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्नं होतात आणि नात्यातल्या लग्नांत जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते, म्हणून मराठवाड्यात ही तपासणी कधीच गाळू नये. बहिरेपण निघालं तर वाट वेगळी. कधी दोन्ही एकत्रही असतात.

मग मोबाइल. जेवताना हातात फोन, आई स्वयंपाकात असताना फोन. आता ‘व्हर्च्युअल ऑटिझम’, म्हणजे स्क्रीनमुळं होणारा ऑटिझम, हा शब्द व्हॉट्सॲपवर फिरतो. निदानाच्या पुस्तकात असा आजार नाही. पण भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये दिलेला सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाही, लांबच्या नातलगांशी कधीमधी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. फोन बंद करा, त्यानं फायदाच आहे. चूक होते ती ‘आधी सहा महिने फोन बंद करून बघू, मग डॉक्टरकडं जाऊ’ यात. दोन्ही एकाच दिवशी सुरू करायचं.

‘जीभ जड आहे’ हेही फार ऐकू येतं. जिभेखालचा पडदा तोकडा असेल तर काही उच्चार अडखळतील, पण त्यानं लेकरू हाकेला वळायचं थांबत नाही की बोट दाखवायचं थांबत नाही. पडदा कापून बोलणं येईल या आशेवर वर्ष घालवू नका. वेखंड उगाळून चाटवणं, देवाला बोललेला नवस, अंगारा, यातलं जे निरुपद्रवी आहे त्यावरून घरच्यांशी भांडण्यात अर्थ नाही; डॉक्टरची तारीख चुकत नाही ना, एवढं बघा. वेखंड मात्र तान्ह्या बाळाला नको, त्यानं उलट्या होतात, आणि मध वर्षाच्या आत मुळीच नको.

कुठं जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येतात, आणि त्यांच्या यादीत वाढीतला उशीर आणि ऑटिझम दोन्ही आहेत. पथक आलं की लेकराची शंका तोंडी न सांगता कार्डावर लिहून घ्या. पथकानं पाठवलेलं लेकरू जिल्ह्याच्या ठिकाणच्या लवकर उपचार केंद्रात, म्हणजे डीईआयसीत जातं. तिथं बालरोगतज्ज्ञ, वाचा-श्रवण तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ एका छताखाली असावेत अशी रचना आहे. सगळी पदं सगळीकडं भरलेली नसतात, म्हणून निघण्याआधी फोन करून कोण कोणत्या वारी असतं ते विचारा. हिंगोलीच्या खेड्यातून एसटीनं जाऊन बंद दार बघून परत आलेलं कुटुंब दुसऱ्यांदा जात नाही. पुढच्या तपासणीसाठी संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची शासकीय महाविद्यालयं आहेत.

जाताना लसीचं कार्ड न्या, आणि फोनमध्ये तीन छोटे व्हिडिओ: जेवतानाचा, एकट्यानं खेळतानाचा, आणि घरचं कुणी बोलावतानाचा. प्रत्येकी दोन मिनिटं पुरे. दवाखान्यात लेकरू बावरतं, रडतं, आणि डॉक्टरांना घरातलं लेकरू दिसतच नाही. व्हिडिओ आडवा धरून घ्या, लेकराचं तोंड आणि समोरच्या माणसाचं तोंड दोन्ही दिसू द्या, आणि मागून ‘बघ बघ’ सूचना करू नका. मेंदूचा एमआरआय किंवा ईईजी ऑटिझम शोधण्यासाठी नसतात; फिट येणं किंवा दुसरं कारण असेल तरच डॉक्टर सांगतात. स्टेम सेलच्या जाहिरातींना लाखो रुपये देऊ नका, त्यानं ऑटिझम बरा होतो याला पुरावा नाही. लसीमुळं होतो, हेही खरं नाही. ज्या १९९८ च्या लेखानं ती भीती पसरवली तो २०१० मध्ये छापणाऱ्या नियतकालिकानंच मागं घेतला, आणि २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या अभ्यासात गोवराच्या लसीशी कुठलाही संबंध निघाला नाही. गैरसमज टिकतो कारण बूस्टरचं वय आणि खुणा घरच्यांच्या लक्षात येण्याचं वय एकच आहे.

तारीख दीड-दोन महिन्यांनी मिळाली तरी घरी आजपासून काम सुरू होतं. लेकराच्या उंचीला या, जमिनीवर समोर बसा. ते जे करतंय तेच तुम्ही करा: त्यानं वाटी आपटली, तुम्हीही आपटा, आणि थांबा. ते बघेल. मनात पाचपर्यंत मोजेस्तोवर गप्प राहणं सगळ्यांना अवघड जातं, पण त्या शांततेतच त्याची पाळी येते. आवडीचा खाऊ झाकण घट्ट असलेल्या पारदर्शक डब्यात दिसेल असा ठेवा, म्हणजे मदत मागायला कारण मिळतं. ‘इथे इथे बैस रे मोरा’ म्हणताना शेवटच्या ओळीआधी थांबा. वाक्यं एक-दोन शब्दांची ठेवा. ‘हे काय आहे, सांग ना, सांग’ हा प्रश्नांचा मारा नको, ‘पाणी. गार पाणी’ एवढंच. ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या अभ्यासात ९ ते १४ महिन्यांच्या, खुणा दिसणाऱ्या बाळांच्या पालकांना व्हिडिओ दाखवत अशीच पद्धत शिकवली. तीन वर्षांचं होईपर्यंत त्यांच्यातल्या ६.७ टक्के मुलांना निदान झालं, न शिकवलेल्या गटात २०.५ टक्के. गोवा आणि रावळपिंडीत झालेल्या अभ्यासात तर तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना हे शिकवलं आणि पालक-मुलांचा संवाद सुधारला. आशाताईंना हे शिकवता येईल, असं मला ठामपणे वाटतं.

निदान झालंच तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं, निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. ते काम थेरपी चालू ठेवून करा, थेरपी त्यासाठी थांबवू नका.

राहता राहिला ऊसतोडीचा प्रश्न, आणि तो आपल्याकडं सगळ्यात मोठा आहे. बीड, जालना, परभणीतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या गुढीपाडव्यापर्यंत. १६ ते २४ महिन्यांतलं लेकरू त्यात निम्मा काळ कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, असतं. बूस्टर हुकतो, पथकाची एक फेरी हुकते. म्हणून टोळी निघण्याआधी गावातल्या १२ ते २४ महिन्यांच्या लेकरांची यादी काढा. १६ महिने पूर्ण झालेल्यांना बूस्टर आणि प्रश्नावली दोन्ही निघण्याआधी उरका. १२ ते १५ महिन्यांच्यांची हाक, हातवारे आणि बोट एवढं तरी बघा, आणि जे आलं नाही ते कार्डाच्या मागं तारखेसह लिहा. कार्ड टोळीबरोबर गेलं पाहिजे, गावाकडच्या पेटीत राहता कामा नये; फोनमध्ये त्याचा फोटो काढून द्या. ज्या कारखान्यावर जाणार तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही लस मिळते, हे आईला नाव-गावासह सांगा. आणि आशाताईंनी मधे एकदा, साधारण संक्रांतीला, फोन करून विचारावं: आता बोट दाखवतं का, कशाकडं दाखवलं, मग तुझ्याकडं बघितलं का?